केलं, समाधानकारक

चौकशीचा निकाल लागला आणि मास्तर सुटले. निर्दोष सुटले, असं फ्लाइंग स्कूलच्या व्हरांड्यात जो तो म्हणत होता आणि म्हणताना त्यांच्या पाठीवर हात ठेवत होता. मास्तर आयुष्यात कधी इतक्या जणांना एकदम आवडले नव्हते. एरवी त्यांच्या तोंडाला घाबरून व्हरांड्यातून काढता पाय घेणारे मेकॅनिकसुद्धा त्या दिवशी थांबून "बरं झालं सर" म्हणून गेले. मास्तर प्रत्येकाला मान डोलावत होते आणि अपघाताच्या आठवणीने आतून खचत चालले होते.

सुटले ते एका ओळीमुळे. ओळ त्यांनीच लिहिलेली: 'उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडणे. सराव: केलं. समाधानकारक.' खाली त्यांची सही, त्याखाली विद्यार्थिनीची. चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंनी ती ओळ स्क्रीनवर बोटाने दाखवली, दोन्ही सह्या ताडून पाहिल्या आणि अहवालात लिहिलं की शिकवायचं ते शिकवलं गेलं होतं, ऐन वेळी चूक विद्यार्थिनीकडून झाली.

ती चूक काय, हे आधी सांगायला हवं, आणि ते ज्याने विमानाला हातही लावला नाही त्यालाही समजेल. विमान नुकतंच उडालंय, झाडांच्या थोडं वर आहे, आणि इंजिन बंद पडलं. अशा वेळी माणसाला एकच सुचतं: धावपट्टी मागेच आहे, चटकन वळावं आणि गाठावी. नेमकं तेच करायचं नसतं. वळायला उंची लागते आणि ती तर हातात नसते. वळलेलं विमान धोंड्यासारखं खाली येतं. अशा वेळी नाक खाली दाबायचं आणि समोर शेत, माळ, झुडपं जे काय असेल त्यात उतरायचं. विमान मोडतं, माणूस वाचतो. हे वर्गात फळ्यावर काढून सांगतात आणि परीक्षेत सगळे बरोबर लिहितात. पण फळ्यावरचं हातात उतरत नाही. म्हणून शिकवणारा शेजारी बसतो आणि विमान वर चढत असताना, काही न सांगता, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे ओढतो. इंजिनाचा आवाज पडतो, विद्यार्थी गोंधळतो. तो चुकतो, बोलणी खातो, परत करतो. असं पुष्कळदा झालं की हात डोक्याची वाट न बघता आपला आपण पुढे जायला लागतो. तसा हात तयार झाल्याशिवाय कुणालाही एकट्याने वर सोडायचं नाही, असा नियम.

उशी तिसऱ्यांदा एकटी वर गेली होती. उशी हे तिला बॅचने दिलेलं नाव. उंचीने इतकी कमी की विमानाच्या नाकावरून पुढचं दिसावं म्हणून बुडाखाली उशी घेऊन बसायची. बापाने बस चालवून वाढवलेली मुलगी, चेष्टा तिला नवीन नव्हती. कुणी 'उशी' हाक मारली की 'डोकं टेकायचंय का?' म्हणून विचारायची आणि हाक मारणाराच ओशाळायचा. त्या दिवशी तिच्या विमानाच्या इंधनाच्या वाटेत काहीतरी अडकलं, इंजिन खोकलं आणि बंद पडलं. उशी मागे वळली. धावपट्टीच्या अलीकडे, कुंपणावर विमान आदळलं. तिथे एक माणूस तुटलेली तार ओढून खांबाला बांधत होता. तो जागीच गेला. उशी वाचली, पण कमरेखालचं तिला काही कळत नव्हतं आणि पुढेही कळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

आता त्या ओळीकडे येऊ.

मास्तर हवेत शिकवायला बहाद्दर. त्यांच्या हाताखालून गेलेले पायलट आज कुठे कुठे मोठाली विमानं चालवतात आणि भेटले की वाकून बोलतात. पण नोंदी लिहायचं म्हटलं की मास्तरांच्या अंगावर काटा यायचा. नियम असा की उतरल्यावर लगेच, विद्यार्थ्याला समोर बसवून, काय शिकवलं, काय जमलं, काय जमलं नाही, ते लिहायचं. नियम करणाऱ्याने उतरल्यावर पुढचा विद्यार्थी पट्टे बांधून तयार बसलेला असतो हे कधी पाहिलं नसावं. त्यामुळे मास्तर नोंदी शनिवारी लिहायचे. नाकर्त्याचा वार शनिवार, हे ते स्वतःच म्हणायचे आणि हसायचे. एकटे तेच कशाला, सगळेच इन्स्ट्रक्टर शनिवारी दुपारी कॉम्प्युटरच्या खोलीत ओळीने बसायचे. पंखा डोक्यावर कुरकुरायचा, कुणीतरी चहा सांगायचा, आणि आठवड्याचं हवेतलं सगळं शिकवणं त्या खोलीत कागदी घोड्यांच्या तबेल्यात बांधलं जायचं.

त्यात नव्या प्रोग्रामने एक सोय केली होती. एका विद्यार्थ्याची नोंद लिहिली की खाली बटण यायचं, ते दाबलं की तीच नोंद दुसऱ्याच्या नावावर उतरायची. त्याला सगळे 'झेरॉक्स मारणं' म्हणत. एकाच टप्प्यावरचे चार विद्यार्थी असले तर एकाचं मन लावून लिहायचं आणि बाकीच्यांना झेरॉक्स मारायची. आणि मारावीच लागे, कारण एक रकाना रिकामा राहिला तर पुढचा धडा उघडायचाच नाही आणि विद्यार्थी जमिनीवर बसून राहायचा. विद्यार्थीही काही कमी नव्हते. कँटीनमध्ये बसून मोबाइलवर आठवड्याच्या सगळ्या नोंदींना एकदम अंगठा लावून मोकळे. शिकवलं गुरूने, कबूल केलं शिष्याने, आणि वाचलं कुणीच नाही.

त्या आठवड्यात मास्तरांकडे चौघं एकाच टप्प्यावर होते. उशी त्यांतली एक.

अपघातानंतरच्या पहिल्या दिवसांत मास्तरांना शंका अशी नव्हतीच. शिकवलं होतं, हे त्यांना दिसत होतं. थ्रॉटलवर आपला हात, अचानक मागे ओढलेला, आणि शेजारून आलेला बारीक आवाज: "आई गं!" तो आवाज त्यांना इतका स्पष्ट ऐकू यायचा की चौकशीतही त्यांनी ठामपणे सांगितलं, "हो, मी सराव घेतला. ती घाबरली होती, पण तिने केलं." खोटं बोलतोय असं त्यांना वाटलं नाही, कारण ते खोटं बोलत नव्हते.

मग निकालाच्या दुसऱ्याच दिवशी लंबू भेटला. लंबू त्याच चौघांतला, ताडमाड, विमानात बसला की गुडघे कानाला लागतील असा. मास्तरांना बरं वाटावं म्हणून तो हँगरच्या दाराशी त्यांच्याबरोबर उभा राहिला आणि इकडचं तिकडचं बोलत राहिला. बोलता बोलता म्हणाला, "सर, तुम्ही तेव्हा थ्रॉटल ओढून माझं इंजिन काढलंत ना, मी 'आई गं' म्हणून ओरडलो होतो. हेडफोनमध्ये टॉवरवाल्यालापण ऐकू गेलं. अजून चिडवतात मला."

"तू ओरडलास?" मास्तरांनी विचारलं.

"मीच की. का?"

"काही नाही."

मास्तर घरी आले ते गाडी कशी चालवली हे न आठवताच. बूट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. त्यांच्याजवळ उशीची म्हणून जी एकच आठवण होती ती लंबूची निघाली होती. दुसरी शोधायला जावं तर काही हाताला लागेना. उशी पट्टे बांधताना आठवत होती. उशी वाऱ्यात विमान सरळ धरून, जीभ दातांत पकडून उतरताना आठवत होती. थ्रॉटल मागे ओढल्यावरची उशी मात्र कुठेच नव्हती.

बायकोने त्यांच्यासमोर पाणी ठेवलं. "काय झालं?"

"त्या आठवड्यात गुरुवारी मी काही बोललो होतो का? तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार."

"गुरुवारी तुम्ही लवकर आलात," ती म्हणाली. तिची स्मरणशक्ती म्हणजे घराची तिजोरी, त्यात काय काय पडलंय याचा मास्तरांना कायम धाक. "घारींना शिव्या घालत आलात. कचऱ्याच्या ढिगावर घारी जमल्या म्हणून टॉवरवाल्याने खाली काही करू दिलं नाही, म्हणालात. आणि शुक्रवारी विमानच बिघडलं. मग शनिवारी लिहायला गेलात, आणि सोमवारी माझं ऑपरेशन."

तिने हे इतक्या सहज सांगितलं आणि मास्तरांसमोर सगळं उभं राहिलं. गुरुवारी शेवटचं उड्डाण उशीचं होतं. ते वर चढत होते, त्यांचा हात थ्रॉटलवर गेलाही होता, तेवढ्यात कानात टॉवरचा आवाज आला की धावपट्टीच्या टोकाला घारी आहेत, आज खाली खेळ नको. त्यांनी हात काढून घेतला होता. "हे उद्या," ते उशीला म्हणाले होते. उशीने "बरं सर" म्हटलं होतं. उद्या विमानातून तेल गळायला लागलं. परवा शनिवार. पंख्याखाली बसून त्यांनी लंबूची नोंद मन लावून लिहिली, भीती वाटली पण जमलं, आणि तिघांना झेरॉक्स मारली. सोमवारी ते दवाखान्याच्या बाकावर बसलेले असताना मोठ्या साहेबांनी स्क्रीन पाहिला, सगळे रकाने भरलेले दिसले, आणि उशीला पहिल्यांदा एकटीला सोडलं. ती छान उतरली. मास्तर परत आले तेव्हा तिचा चेहरा फुललेला होता. भरलेल्या रकान्याकडे परत कोण बघतं?

"मी तिला शिकवलं नाही," मास्तर म्हणाले.

 बायको खाली बसली आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली. असं तिने लग्नानंतर कधी केलं नव्हतं, आणि मास्तरांना त्याची इतकी लाज वाटली की त्यांनी पाय मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मोठे साहेब म्हणजे शाळेचे मुख्य, मास्तरांच्या बरोबरीने उडायला शिकलेले, खुर्चीने तेवढे मोठे झालेले. मास्तरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. घारी, तेल, शनिवार, झेरॉक्स. साहेबांनी आधी दार लावून घेतलं.

"बस."

"मला बसायचं नाही. नोंद दुरुस्त करायची आहे."

"नोंदीला आता कुलूप आहे. चौकशीत गेलेली नोंद उघडत नाही. मलाही नाही."

"मग मी लिहून देतो."

साहेबांनी टेबलावरच्या काचेखालच्या जुन्या बॅचच्या फोटोवर बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, तू काय केलंस ते मला सांगू नकोस. तू काय लिहिलंस ते मला माहीत आहे, आणि मला तेवढंच माहीत असायला हवं. तुझी एक ओळ खोटी निघाली की उद्या ते सगळ्यांच्या ओळी उघडतील. आपल्यात शनिवारी बसला नाही असा एक जण दाखव. इथून शिकून गेलेली पोरं आज माणसं घेऊन उडतायत. त्यांना सगळ्यांना खाली उतरवतील. तुझ्या मनाच्या समाधानासाठी?"

"समाधान," मास्तर म्हणाले. तो शब्द त्यांनी किती रकान्यांत भरला होता, देव जाणे.

"आणि ती पोरगी बरी होणार आहे का त्याने? तो कुंपणवाला उठून बसणार आहे का?"

खरं सांगायचं तर याचं उत्तर कुणाकडेच नसतं, म्हणूनच असले लोक हा प्रश्न विचारतात. मास्तर बाहेर आले आणि हँगरमागच्या सावलीत उभं राहून त्यांनी चौकशीच्या अधिकारी बाईंना फोन लावला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा स्वर इतका समजुतीचा होता की मास्तरांना तो सोसेना.

"सर, अपघातानंतर शिकवणाऱ्यांना असं वाटतं," बाई म्हणाल्या. "मी दरवेळी बघते. आपणच कमी पडलो, असं मन घेतं. पण आठवणीपेक्षा त्याच आठवड्यातली नोंद आम्ही खरी धरतो. आणि नोंदीला विद्यार्थिनीचा जबाबही जुळतोय. तिनेच सांगितलंय की तुम्ही शिकवलं होतं."

"तिने सांगितलं?"

"स्वच्छ शब्दांत. म्हणाली, सरांनी शिकवलं, माझ्याकडूनच झालं नाही. तुम्ही थोडी विश्रांती घ्या."

आपल्या हाताने लिहिलेली ओळ, आणि तिच्यापुढे आपल्याच शब्दाला काडीची किंमत नाही. मास्तरांनी फोन खिशात टाकला. कुणी त्यांना खोटं बोलायला लावलं असतं तर ते भांडले असते. इथे तर ते खरं बोलायला निघाले होते आणि एकेक जण त्यांची समजूत घालून त्यांना परत पाठवत होता.

आता एकच दार उरलं होतं. दुपारी ते दवाखान्यात गेले.

उशीची खोली वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात होती. खिडकीला जाड काच, काचेपलीकडे दुसऱ्या इमारतीची भिंत. पलंगाचं डोकं थोडं वर उचललेलं होतं. एवढ्याशा चणीची मुलगी त्या पलंगात आणखीनच लहान दिसत होती. शेजारी स्टुलावर तिचे वडील बसले होते, बसचा खाकी गणवेश अंगात, ड्युटीवरून सरळ आलेले. मास्तरांना बघून ते उठले आणि स्टूल पुढे केलं.

"या सर. तुमचंच बोलणं चाललं होतं."

मास्तर बसले नाहीत. उशी त्यांच्याकडे बघून हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले, जणू न विचारता हसलं म्हणून कुणी रागावणार होतं.

"सॉरी सर," ती म्हणाली.

"तू कशाला सॉरी?"

"म्हणायलाच पाहिजे तिने," वडील म्हणाले. ते रागाने बोलत नव्हते. राग केव्हाच होऊन गेला होता, आता ते ठरलेल्या गोष्टीसारखं बोलत होते. "मीपण डेपोत शिकाऊ लोकांना शिकवतो. शिकवणाऱ्याने किती शिकवायचं? हात धरून स्टिअरिंग फिरवता येतं, डोकं नाही फिरवता येत. मी हिला पहिल्याच दिवशी म्हटलं, सरांनी शिकवलं होतं, कागदावर आहे, तुझी सही आहे, मग त्या वेळी तुझं लक्ष कुठे होतं? लहानपणापासून अशीच. ऐकते, हो म्हणते, आणि करते आपल्या मनाचं. पालथ्या घड्यावर पाणी." एवढं बोलून त्यांनी तिच्या अंगावरची चादर नीट केली, पायांवरचीही, जिथे तिला ती नीट केलेली कळणार नव्हती. "त्या कुंपणवाल्याच्या घरी जाऊन आलो मी. त्याची बायको दारातच उभी होती. म्हटलं, ताई, माझ्या पोरीची चूक झाली. दुसरं काय बोलणार माणूस?"

"तिची चूक नाही," मास्तर म्हणाले. "मी तिला शिकवलंच नव्हतं."

 मास्तरांनी मग सगळं सांगितलं. घाई न करता, एकामागून एक, उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगला सांगतात तसं. गुरुवारच्या घारी. हे उद्या. शुक्रवारचं तेल. शनिवारी लंबूचं लिहिलेलं तिच्या नावावर कसं उतरवलं ते. सांगताना त्यांचा आवाज कुठे हलला नाही. हे सांगून झालं की काय ते होईल, तिने तोंड फिरवावं, बापाने गळा धरावा, काहीही, पण ते योग्य जागी होईल, एवढीच त्यांची आशा होती. ती आशा फार मोठी होती असं नाही.

वडिलांनी खाली मान घातली. उशी म्हणाली, "सर, माझी सही आहे त्याच्यावर."

"न वाचता केली असशील. सगळेच करतात."

"असेल. मला तो आठवडाच आठवत नाही. डोक्याला लागलं तेव्हापासून त्या दिवसांतलं काहीच नाही." तिने कपाळावरून हात फिरवला. "पण तुम्ही लिहिलंय ना. 'भीती वाटली पण जमलं,' असंपण लिहिलंय पुढे. मला दाखवलं त्या बाईंनी. इतकं बारीक तुम्ही खोटं कशाला लिहाल?"

"ते लंबूचं आहे."

"सर," ती हळूच म्हणाली, आजारी माणसाला समजवावं तशी, "तुम्ही माझ्यासाठी बोलताय हे. बाबा, सर माझ्यासाठी बोलतायत."

"कळतंय मला," वडील म्हणाले, आणि त्यांनी बाहीने डोळे पुसले. उठून त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला. ड्रायव्हरचे हात, तळव्याला घट्टे पडलेले. "सर, स्वतःच्या अंगावर घेताय. नोकरी जाईल तुमची. असं नका करू. अशी माणसं मिळत नाहीत आता."

मास्तरांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्या माणसाने तो घट्ट धरला होता. देवाशपथ सांगतो, असं काहीतरी ते बोलले. आयुष्यात कधी शपथ न घेतलेला माणूस शपथ घेऊ लागला की तो खोटा वाटतो, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. बापाने त्यांना स्टुलावर बसवलं आणि प्यायला पाणी दिलं.

"सर, एक करा," उशी म्हणाली. "एकदा परत घ्या ना माझा सराव. इथेच. मी रोज डोळे मिटून करून बघते, पण मला कळतच नाही मी कुठे चुकले."

मास्तरांनी बापाकडे पाहिलं. बापाने मान हलवली, घ्या म्हणून.

पलंगावरचा जेवायचा ट्रे त्यांनी तिच्यासमोर ओढला आणि तिचा डावा हात ट्रेच्या कडेवर ठेवला, हे सुकाणू. पाण्याची बाटली आडवी करून उजव्या हाताला दिली, हा थ्रॉटल. तिची बोटं आपोआप बरोबर जागी बसली. मास्तर स्टूल सरकवून तिच्या उजवीकडे आले, विमानात बसतात त्याच बाजूला. आधी त्यांनी तिला फळ्यावरचं सगळं थोडक्यात सांगितलं. आवाज पडला की पहिल्यांदा नाक खाली. मागची धावपट्टी विसरायची, ती नाहीच असं समजायचं. समोर जे आहे तीच आपली जागा. मग तिच्या हातावर हात ठेवून एकदा सावकाश करून दाखवलं. ती जीभ दातांत धरून बघत होती.

"चल. उडालो आपण," मास्तर म्हणाले. "वर चढतोय. झाडं खाली गेली. वेग बघ. डावीकडे काय दिसतंय?"

"तळं," उशी म्हणाली. तिने मान डावीकडे केली होती.

मास्तरांनी बाटली खस्सकन मागे ओढली.

तिचा डावा हात त्याच क्षणी पुढे गेला. ट्रे पलंगाच्या कठड्यावर आपटला. मान समोर आली, नजर समोरच्या भिंतीवर खिळली आणि तिथून हलली नाही. "नाक खाली. समोरचं शेत. समोरच," ती म्हणाली. आवाज शांत होता. मागे वळायचं तिच्या खांद्यालाही सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांत, एकदा दाखवल्यावर इतकं चोख करणारे विद्यार्थी मास्तरांनी बोटावर मोजण्याइतकेच पाहिले होते.

एवढंच लागलं असतं. त्या शुक्रवारी, नाहीतर पुढच्या कुठल्याही दिवशी, एकदा. मास्तरांनी बाटली मांडीवर ठेवली.

"बरोबर केलं ना मी?" उशीने विचारलं.

"बरोबर केलंस."

"बघा बाबा. येतंय मला." तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग कुणीतरी पुसल्यासारखा झाला. "म्हणजे सरांनी शिकवलंच होतं."

"आज शिकवलं," मास्तर म्हणाले. "आज पहिल्यांदा शिकवलं. म्हणून येतंय तुला. ऐक माझं."

पण ती ऐकत नव्हती. ट्रेवर पडलेला आपला डावा हात तिने उलटा केला, सुलटा केला, आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"तुला येत होतं," ती हाताला म्हणाली. "येत असून तू माणूस मारलास."